माशाचा उजवा गाल

माणसाला एखादा छंद असावा, असे जे लोक सांगतात ते बहुधा बँकेत नोकरीला नसतात. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजून, दुसऱ्याच्या घरकर्जाला शुभेच्छा देऊन आणि 'सर्व्हर डाउन आहे' हे एकच वाक्य निरनिराळ्या भावनांत म्हणून घरी परतलेल्या कारकुनाला एकच छंद झेपतो : पडवीतल्या झोपाळ्यावर पडून राहणे. हा छंद मी पंधरा-सोळा वर्षे मोठ्या निष्ठेने जोपासला. त्याला साहित्य लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि बायको सोडली तर कुणाची तक्रारही नसते.

मग आमच्या लांज्याच्या शाखेत एक रोखपाल बदलून आले. हे गृहस्थ गरवायला जात.

आता, गरवणे ही गोष्ट आमच्याकडे छंदात मोडत नाही. माचाळच्या डोंगरातून निघालेली मुचकुंदी वाकेडच्या पुलाखालून जाते आणि पूर्णगडला समुद्राला मिळते. तिच्या काठची निम्मी पोरे शाळा चुकवून गरवायला शिकतात आणि उरलेली निम्मी, त्या पहिल्यांना पकडून आणायला गुरुजींनी धाडलेली असताना शिकतात. बांबूची काठी, हातभर तंगूस, एक गळ आणि त्याला टोचायला कोलंबी, संपला कारभार. माझे तीर्थरूप अण्णा स्वतःच प्राथमिक शाळेत शिक्षक असल्यामुळे मी या दोन्ही निम्म्यांत बसलो नाही. बाकीची पोरे नदीवर असत तेव्हा मी घरी सव्वाकी-दीडकीचे पाढे म्हणत असे. त्यामुळे पाण्यात गळ टाकण्याचा योग माझ्या आयुष्यात चव्वेचाळिसाव्या वर्षी आला.

रोखपालांची काठी मात्र बांबूची नव्हती. तिला चरखी होती, कड्या होत्या, आणि सोबत एक पेटी होती. पेटीत कप्प्याकप्प्यांतून रंगीबेरंगी मासे झोपवलेले. लाकडाचे, प्लास्टिकचे. पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ. यांना लुअर म्हणतात. कोलंबी टोचायची नाही, हाच खोटा मासा पाण्यात फेकायचा आणि चरखी फिरवत ओढायचा. तो जखमी माशासारखा लटपटत येतो, आणि एखाद्या तांबोशीला किंवा जिताड्याला वाटते, वा, आयते जेवण! मला ही कल्पना फार आवडली. जिवंत माणसांना खोट्या आशा दाखवण्याचे काम आम्ही ठेव योजनांच्या पत्रकांतून करतच असतो.

पूर्णगडच्या खाडीत मी पहिला मासा फेकला. तो खडकात अडकला. तंगूस तुटली. दुसरा फेकला. तोही पहिल्याच्या भेटीला गेला. तिसऱ्याच्या वेळी रोखपाल जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "साहेब, एक सांगू का? हा एकेक मासा चारशे ऐंशीला पडतो."

म्हणजे एका तासात मी चौदाशे चाळीस रुपये खाडीत जमा केले होते आणि पावती मिळाली नव्हती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात मी बरोबर काठावर सुटलो होतो, पण सुटलो होतो. त्या रात्री मी हिशेब मांडला. लाकूड : कुंपणावरचा पांगारा, शून्य रुपये. शिसे : जुन्या जाळ्याच्या गोळ्या, शून्य. गळ, तार, रंग मिळून अडतीस रुपये. चारशे ऐंशीचा मासा अडतीस रुपयांत! या हिशेबात मजुरी धरायची राहून गेली होती, हे पुढे सहा महिन्यांनी ध्यानात आले. काठावर सुटणाऱ्यांचे असे होते.

पांगारा घेण्यात मात्र माझी अक्कल होती. शिमग्याच्या सुमाराला लालभडक फुलणारे, अंगावर काटे असलेले हे झाड आमच्याकडे कुंपणाला आणि मिरवेलीला आधार म्हणून लावतात. लाकूड इतके हलके की हातात घेतल्यावर पुन्हा एकदा बघावे, खरेच घेतले का? सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने याच लाकडाची करत. पाण्यावर सुरेख तरंगते, सुरीने लोण्यासारखे कापले जाते. मात्र लोणी जसे कापता येते पण घासून गुळगुळीत करता येत नाही, तसेच याचेही आहे. पॉलिश पेपर लावला की त्याची कुसे उभी राहतात, मांजराच्या शेपटीसारखी.

पण कुसांपेक्षा मोठा प्रश्न निराळाच होता. माझा पहिला मासा पाण्यात सोडला आणि तो उजव्या कुशीवर झोपला. दुसरा ओढला तर तो गोल गोल फिरायला लागला, जणू काही हरवले होते. रोखपाल म्हणाले, "दोन बाजू सारख्या नाहीत." हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बँकेत माणसाने काहीही ऐकावे, पण हे ऐकू नये. संध्याकाळी पाच वाजता दोन बाजू जुळत नसल्या म्हणजे काय होते, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. दोन रुपयांच्या फरकासाठी मी एकदा रात्री साडेनऊपर्यंत बसलो आहे. आणि इथे तर डावीकडे गाल आणि उजवीकडे टेंगूळ.

या बाबतीत मोठ्यांचे चरित्र वाचावे म्हणून वाचले. फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. माशांच्या थव्यात मोठा मासा घुसतो तेव्हा तो नेमका किंचित लटपटणाऱ्या, दुखावलेल्या माशावर झडप घालतो, हे त्याने पाहून ठेवले होते. १९३६ साली त्याने बुचाचा एक मासा चांभाराच्या सुरीने कोरला, पॉलिश पेपरने घासला, वरून चॉकलेटची चांदी लावली आणि त्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकात त्याच्या माशावर लेख आला. योगायोगाने त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंक हातोहात खपला आणि शोकाकुल अमेरिकेने माशांच्या ऑर्डरी धाडल्या. एवढे नाव झाल्यावरही प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत पोहवून बघण्याचा शिरस्ता त्या कारखान्याने सोडला नाही. तात्पर्य काय, तर माशाने लंगडायचे, पण दोन्ही बाजूंना सारखे लंगडायचे. सरकारी निवेदनासारखे.

आमच्या घरात टाकीच्या जागी घंगाळ आले आणि ते आणणारे अण्णा होते.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चौतीस वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू झिजवला. आई गेल्यापासून ते बोलेनासे झाले. तसे आधीही फार बोलत असे नाही, पण आधीचे न बोलणे आईला उद्देशून असे. आता ते कुणालाच उद्देशून नव्हते. सकाळी पडवीत बसायचे, रस्त्यावरची माणसे बघायची, दुपारी जेवायचे आणि पुन्हा रस्ता. मी बँकेतून आलो की "आलास?" आणि मी "आलो." एवढे आमचे रोजचे संभाषण. चालू खात्यात किमान शिल्लक ठेवावी तसे.

एका रविवारी मी पडवीत मासा घासत बसलो होतो. अण्णांनी चष्मा खाली ओढून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आण इकडे."

मी दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला, नाकाकडून बघितला, शेपटीकडून बघितला. खिशातून लाल पेन्सिल काढली. (निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी खिशात लाल पेन्सिल कशाला असते, हे मी कधी विचारले नाही.) आणि माशाच्या उजव्या गालावर एक फुली मारली. मग माझ्या हातातला पॉलिश पेपर घेतला, त्याचे दुमडून नीट चार तुकडे केले आणि घासायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून मासे घासणे हे खाते त्यांच्याकडे गेले. मी कापायचे, त्यांनी घासायचे. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. एकाने व्यवहार लिहायचा, दुसऱ्याने तपासून पास करायचा. पण आमचे चेकर साहेब पास करायला तयार होत नसत. एका माशाला चार दिवस. घासायचा, घंगाळात सोडायचा, कुठे कलतो ते पाहायचे, लाल खूण करायची, पुन्हा घासायचा. इकडे शाखेत माझी कीर्ती पसरली होती. रोखपालांनी चार मासे मागितले, शिपायाने दोन, आणि शाखाधिकाऱ्यांनी मेव्हण्यासाठी म्हणून पाच. अकरा मासे प्रलंबित! एवढी थकबाकी आमच्या पीककर्जातही नसेल.

त्यातच पावसाळा लागला आणि अण्णांना खोकला सुरू झाला. खडूने आधीच छाती पोखरलेली. त्यात पांगाऱ्याचा भुसा. डॉक्टरांनी नळी लावली आणि विचारले, "अण्णा, हल्ली धुळीत काम करता का?" अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी महामार्गाकडे पाहिले. चौपदरीकरणाच्या काळात आम्हा लांजेकरांनी इतकी धूळ खाल्ली आहे की तिच्यावर दोष ढकलायला सोपे जाते. पण डॉक्टर हुशार निघाले. त्यांना अण्णांच्या नखांत भुसा दिसला. ते म्हणाले, "घासकाम बंद."

आणि त्यांचे बरोबरच होते. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर करून ठेवले आहे. सुताराचा पोटापाण्याचा धंदा तरी आहे. आम्ही हौसेखातर हे भोगायचे म्हणजे जरा जास्तच झाले.

तेव्हा ठरले. घासायला यंत्र घ्यायचे.

यंत्र घ्यायचे असे म्हणायचा अवकाश, सल्लागार पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले. शिपाई म्हणाला, "ग्राइंडर आणा, साहेब. त्याला पॉलिश पेपरची पाकळ्यांची चकती मिळते. एका मिनटात काम." हे अगदी खरे निघाले, फक्त मिनिट जास्त झाले. त्याच्या भावाचा ग्राइंडर आणून मी मासा टेकवला मात्र, खर्र असा आवाज आला आणि माझ्या हातात फक्त शेपटी राहिली. उरलेला मासा माझ्या शर्टावर होता. लोखंडाचे चर काढणारे यंत्र पांगाऱ्याला लावणे म्हणजे लहान मुलाची शेंबडी नाके पुसायला अग्निशामक दल बोलावणे.

मग ड्रिल मशीनला रबरी चकती जोडण्याचा प्रयोग. हा स्वस्त, अडीचशे रुपयांतला. पण मशीन एका हातात, मासा दुसऱ्या हातात, आणि दोघेही थरथरतात. घासले जाते ते बोट.

पुण्याचा मेव्हणा इंजिनियर आहे, म्हणजे तो प्रश्नाचे उत्तर देत नाही, प्रश्न वाढवतो. त्याने मला रात्री पाऊण तास फोनवर शिकवले. टेबलावर बसवायच्या यंत्रांत पट्टा असतो आणि चकती असते. पट्टा मोठा म्हणजे चार इंच रुंद आणि छत्तीस इंच घेराचा, त्याच्यासोबत सहा इंचांची चकती. किंवा पट्टा लहान, एक इंच रुंद आणि तीस इंच घेराचा, सोबत पाच इंचांची. मोटर किती वॅटची, मिनिटाला फेरे किती, टेबल तिरपे होते का, भुसा ओढून घ्यायला नळी जोडायचे तोंड आहे का. "आणि दाजी, मोठंच घ्या. लहान घेतलंत की सहा महिन्यांनी मोठं घ्यावंसं वाटतं." हा नियम त्याने स्वतः घराच्या बाबतीत पाळला आहे आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

मोठे यंत्र साडेसोळा हजारांना होते. लहान सात हजार आठशेला. मी मोठ्याच्या बाजूला झुकलो होतो. माझ्यासारख्या माणसाला यंत्र कळत नाही, तेव्हा तो वजनावर भरवसा ठेवतो.

कुटुंबाला हे कसे सांगायचे, हा खरा यांत्रिक प्रश्न होता. आमच्या घरात माजघरात एक व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर आजवर सर्वांत जास्त व्यायाम ओल्या टॉवेलांनी केला आहे. ती सायकल हा सौभाग्यवतींचा पुरावा क्रमांक एक. म्हणून मी म्हटले, "बरेच दिवसांत अंबाबाईचं दर्शन झालं नाही. रविवारी कोल्हापूरला जाऊन येऊ या का?"

ती पोळी लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "मशीन किती किलोचं आहे? गाडीत मागे माझी ओटीची पिशवी राहील ना?"

अशा रीतीने आम्ही पालीवरून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. देवीचे दर्शन घेतले. देवीकडे काय मागितले ते सांगत नाही, पण त्यात सहा इंचांची चकती होती. मग आम्ही उद्यमनगरात आलो.

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ही एक बघण्यासारखी जागा आहे. गल्लीगल्लीतून लेथ फिरताहेत, ओतकाम चालले आहे, आणि ज्या वस्तूला नाव नाही तीसुद्धा इथे दुपारपर्यंत बनवून मिळते. ऑइल इंजिनांनी या गावाचे नाव झाले, ते अशाच वर्कशॉपांतून. एका दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली होती. मोठ्या यंत्राकडे मी ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने माणसाने साठीनंतर कशाकडे पाहू नये आणि चाळिशीत पाहिले तर बायको बरोबर नसावी.

दुकानाच्या मागे वर्कशॉप होते आणि तिथून एक मिस्त्री हात पुसत बाहेर आले. साठीचे असावेत. त्यांनी किंमत सांगितली नाही की वॅट सांगितले नाहीत. त्यांनी विचारले, "करायचं काय हाय?"

"मासे," मी म्हणालो.

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मासा केवढा?"

मी पिशवीतून चार इंचांचा पांगाऱ्याचा मासा काढून दिला. त्यांनी तो हातात तोलला आणि हसले. "ह्येला चार इंचाचा पट्टा कशाला? पट्ट्यावर मासा ठेवायचा का माशावर पट्टा? आणि त्यो पट्टा पाठीमागनं लोखंडी पाटावर टेकलेला असतोय. सपाट होईल सगळं. फळी घासायची असंल तर न्या."

मग त्यांनी लहान यंत्र पुढे ओढले आणि त्या अर्ध्या तासात मला जे शिकवले, ते मेव्हण्याच्या पाऊण तासात नव्हते. एक इंची पट्ट्याच्या मागे एक पत्र्याची पट्टी असते. तिचे दोन स्क्रू काढून ती बाजूला केली की पट्टा मागून मोकळा होतो, मासा टेकवला की त्याच्या अंगाप्रमाणे वाकतो. पोट, गाल, शेपटीकडचा निमुळता भाग, सगळे आपोआप गोल उतरते. हे मोठ्या यंत्राला जमत नाही. चकती वापरायची ती कड्या सरळ करायला, आणि तीही ज्या बाजूला चकती खाली जाते त्याच अंगाला. दुसऱ्या अंगाला चकती वर चढते, तिथे मासा लावला तर तो उडून थेट तोंडावर येतो. टेबल चकतीशी काटकोनात आहे का ते गुण्या लावून दुकानातच बघायचे, कारण स्वस्त यंत्रात सगळे स्वस्त झालेले असते ते तिथेच. पट्टा चालू करून पाच मिनिटे बघायचे. तो कडेला सरकत असेल आणि खुंटी पिळूनही मध्यावर येत नसेल, तर यंत्र परत द्यायचे. लाकडाचा ठोकळा जोराने दाबायचा. मोटर दमली, तर घ्यायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुकानदाराला यंत्राची किंमत विचारण्याआधी पट्ट्याची विचारायची. "मशीन येकदाच घ्याचं. पट्टं जन्मभर. त्या मापाचा पट्टा तुमच्या गावात न्हाईतर रत्नागिरीत मिळंना, तर मशीन म्हंजे शोभेचं." माझ्या डोळ्यांसमोर व्यायामाची सायकल तरळून गेली.

"आणि पट्टा ऐंशीचा लावू नका, पांगारा हाय. एकशेवीसचा लावा. हळू."

मी माहितीपत्रक उघडले. ३७० वॅट, म्हणजे जवळजवळ अर्धा हॉर्सपॉवर. चार इंचांच्या माशामागे अर्धा घोडा, हे प्रमाण मला पटले. त्याखाली चकतीचे फेरे लिहिले होते, मिनिटाला १४४०.

चौदाशे चाळीस! पूर्णगडच्या खडकांत पुरलेली माझी रक्कम. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी तिथल्या तिथे पैसे दिले. सौभाग्यवतींनी पट्ट्यांची किंमत पाडून घेतली आणि सहा पट्टे जास्त घेतले. मी म्हटले, सहा कशाला? तर म्हणाली, "म्हणजे सायकल होणार नाही."

घरी यंत्र मागच्या पडवीत, जुन्या गोठ्याच्या बाजूला बसवले. अण्णा पुढच्या पडवीत बसतात. मध्ये दोन खोल्या आणि तीन दारे. यंत्राच्या तोंडाला घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली. नाकावर चांगल्यापैकी मास्क. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो तो बाराला उठलो. मध्ये एकदा वीज गेली तेवढाच खंड. अकराच्या अकरा मासे तयार! गोल, निमुळते, डोळे लावले असते तर पळालेच असते असे. प्रत्येकाला लाखेच्या पॉलिशचा हात दिला, म्हणजे कुसे बसतात, आणि ओळीने वाळत घातले. सहा आठवड्यांचे काम साडेतीन तासांत. यांत्रिकीकरणाचा विजय असो! बँकांत संगणक आणण्याची शिफारस रंगराजन समितीने १९८४ साली केली तेव्हा आधीच्या पिढीतल्या कारकुनांना किती शंका आल्या असतील. मी त्या पिढीतल्यांना मनातल्या मनात हसलो आणि हात धुऊन पुढच्या पडवीत आलो.

अण्णा खुर्चीत बसले होते. पुढ्यात घंगाळ होते, पाण्याने भरलेले. मांडीवर पॉलिश पेपरचे चार तुकडे, नीट दुमडून ठेवलेले.

"झाले?" त्यांनी विचारले.

"झाले. अकराही."

"बरं." त्यांनी चारही तुकडे एकावर एक ठेवले, खिशात घातले आणि रस्त्याकडे पाहू लागले.

जेवताना ते एक भाकरी कमी जेवले. सौ. माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे बघत राहिलो. मला उगाच आमच्या शाखेतले एक जुने हेडक्लार्क आठवले. लेजरे कपाटात गेल्यावरही ते रोज सकाळी पेन्सिलींना टोक करून ठेवत, आणि आम्ही नवी पोरे त्यांना हसत असू.

रात्री मी डॉक्टरांना फोन केला. म्हटले, कोरडे घासायचे नाही हे कळले. पण ओले? लाखेचा हात दिलेला मासा पाण्यात बुडवून वॉटर पेपरने घासला तर धूळ उडतच नाही. सगळे पाण्यातच उतरते. मोटारीच्या गॅरेजात रंगाच्या आधी घासतात तसे. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात? मग करू देत की. पाणी कोमट ठेवा." आणि थोडे थांबून म्हणाले, "तुम्ही असले मासे विकता का हो?"

आता प्रश्न एवढाच उरला की मासे इतके चांगले झाले होते की त्यांना ओले घासण्याचीही गरज नव्हती. फार तर एक हात फिरवला की झाले. अण्णा अर्ध्या तासात मोकळे झाले असते. तेव्हा सर्व झोपल्यावर मी मागच्या पडवीत गेलो. दिवा लावला. अकरातले तीन मासे निवडले आणि ऐंशी नंबरच्या कागदाचा तुकडा घेऊन तिघांचेही उजवे गाल खरवडले. पहिल्याचा थोडा, दुसऱ्याचा जास्त, तिसऱ्याच्या बाबतीत हात जरा जड पडला. मग पुन्हा लाखेचा हात देऊन वाळत ठेवले. वीस वर्षांच्या नोकरीत हिशेबात मुद्दाम चूक करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. छातीत धडधडत होते.

सकाळी घंगाळात कोमट पाणी, वॉटर पेपरचे तुकडे आणि अकरा मासे अण्णांपुढे ठेवले आणि म्हणालो, "मशीनचं काही खरं नाही. एकदा बघून ठेवा." आणि बँकेत निघून गेलो.

संध्याकाळी आलो. "आलास?" नव्हते. अण्णा चष्मा नाकावर ठेवून कामात होते. सहा मासे एका बाजूला, पुसून, ओळीने. पाच मासे दुसऱ्या बाजूला.

मी तीन बिघडवले होते. त्यांनी पाच परत केले होते. जे दोन मला निर्दोष वाटत होते, ते त्यांनी माझ्यासमोर पाण्यात सोडून दाखवले. किंचित, अगदी गव्हाच्या दाण्याएवढे, डावीकडे कलत होते. "आणि इथे," ते म्हणाले, "पाठीवर बोट फिरव. लागतंय का?" मला काही लागत नव्हते. "लागेल," ते म्हणाले. मग त्यांनी मासा माझ्या हातात ठेवून माझे बोट धरले आणि पाठीवरून फिरवले, लहानपणी पाटीवर 'अ' गिरवून घेत तसे. तेव्हा लागले.

बाकीच्या तिघांना त्यांनी हातही लावला नव्हता. तिघांच्या शेपटीला तंगुसाने एकच चिठ्ठी बांधली होती, रेघांच्या वहीतले पान फाडून. लाल पेन्सिलीने, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिले होते :

'मुद्दाम केलेल्या चुका तपासल्या जाणार नाहीत. पालकांची सही आणावी.'

चिठ्ठी वाचून मी वर पाहिले. अण्णा चौथा मासा पाण्यात बुडवून घासत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. सही आता नेमकी कोणाकडे मागायची, ते मला अजून सुचलेले नाही. पेन्सिल त्यांच्याच खिशात आहे.